उत्तर देणं हेही काम आहे

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या कार्यशाळेतील भाषण, थोडं संपादन करून.)



मला 'संगणक आणि संघटना' असा मोठा विषय दिला आहे. त्यातला एकच धागा मी हातात घेणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणी आता मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. पैसे पडत नाहीत म्हणून, किंवा ते आपल्या विचारांच्या जवळचं वाटतं म्हणून. ते वापरताना अडलं तर विचारायचं कुणाला, आणि सांगायचं कुणी, एवढाच माझा धागा.

सुरुवातीलाच सांगते, मी इंजिनिअर नाही. सल्ला केंद्रात काम करणारी साधी कार्यकर्ती आहे. केंद्रात संगणक आला तेव्हा टायपिंग येणारी मी एकटीच होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आणि एकदा आलेलं काम बाईकडून परत जात नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक बाई आली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला न्यायालयात अर्ज करायचा होता. ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडेच आले होते. तुम्ही सगळं लिहून घेतलं होतं." समजा, तिचं आडनाव कुऱ्हाडे. खरं आडनाव सांगत नाही, पण जोडाक्षर हेच. आमच्या मैत्रिणीने संगणकात आडनाव शोधलं. नोंद नाही. पुन्हा शोधलं. नाही. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात 'तुमची नोंद नाही' हे तिने बरेचदा ऐकलं होतं. आता आमच्याकडेही तेच! ती काही बोलली नाही, नुसती पदराशी चाळा करत बसली. शेवटी माळ्यावरचं जुनं रजिस्टर काढलं, त्यात तिची नोंद तारखेसह सापडली. आणि मागाहून कळलं की संगणकातही ती होतीच.

झालं होतं असं. 'ऱ्ह' हे जोडाक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिता येतं. एक रीत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निराळी आडनावं. तीन वर्षांपूर्वी नोंद करणारीचा कळफलक वेगळा होता, आज शोधणारीचा वेगळा. दोघींची काहीच चूक नाही. पण ती बाई आमच्याच वहीतून हरवली.

आता हे विचारायचं कुणाला? ज्या तक्त्यात नोंदी होत्या तो बनवणारे म्हणतील, आम्ही दिलेली अक्षरं आहेत तशी शोधतो, कळफलकवाल्यांना विचारा. कळफलकवाले म्हणतील, दोन्ही रीती मान्य आहेत, आम्ही काय करणार? अक्षराचं वळण, म्हणजे फॉन्ट, बनवणारे म्हणतील, आमच्याकडे तर ते बरोबर उमटतंय! प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं. आणि हे सगळं इंग्रजीत. या दारातून त्या दारात पाठवणं म्हणजे काय, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पोलीस म्हणतात दवाखान्यात जा, दवाखाना म्हणतो आधी पोलिसांचं पत्र आणा, वकील म्हणतात दोन्ही कागद आणा. म्हणूनच तर १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस यंत्रणेच्या आतच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाईने दारं शोधत फिरायचं नाही, दारांनी एकमेकांशी बोलायचं, हा त्यामागचा विचार. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात वापरणारीसाठी असा कक्ष कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे.

हे सॉफ्टवेअर तयार कसं होतं ते थोडक्यात सांगते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचं, त्याची घडण पाहून ती बदलण्याचं, त्याच्या प्रती वाटण्याचं आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचं स्वातंत्र्य, ही त्यातली मूळ मागणी. इंग्रजीत 'मुक्त' आणि 'फुकट' यांना एकच शब्द असल्याने त्यांना फरक समजावून सांगावा लागतो. मराठीत आपली ती अडचण नाही. मुक्ती फुकट मिळत नाही, हे स्त्रीमुक्तीवाल्यांना कुणी शिकवायला नको!

१९९१ मध्ये लिनक्स आलं, १९९३ मध्ये डेबियन. डेबियनच्या लोकांनी १९९७ साली स्वतःसाठी एक सामाजिक करार लिहिला. आम्ही दोष लपवणार नाही, आणि आमचं पहिलं देणं वापरणाऱ्यांशी आणि मुक्त सॉफ्टवेअरशी आहे, असं त्यात कबूल केलं आहे. सुंदर करार आहे. पण दुसरीकडे, अशा बहुतेक सॉफ्टवेअरच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की कसलीही हमी दिलेली नाही. यात मी दोष काढत नाही. जो माणूस आपलं काम जगाला देऊन टाकतो, त्याने वर हमीही द्यावी असं कसं म्हणायचं? मात्र याचा अर्थ नीट समजून घेऊ या. अडलेल्या बाईला उत्तर देणं ही कुणाचीच ठरलेली जबाबदारी नाही. ज्याला सवड, ज्याला कळवळा, तो देतो.

अशी कामं, जी कुणाचीच नसतात आणि तरी रोज करावी लागतात, ती शेवटी कुणाच्या वाट्याला येतात?

मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात श्रेयाची नोंद फार काटेकोर असते. २००५ पासून गिट नावाचं साधन वापरात आलं. कुणी, कधी, कोणती ओळ लिहिली किंवा बदलली, ते त्यात नावानिशी राहतं. दहा वर्षांनंतरही दाखवता येतं की ही ओळ माझी. नोकरी मिळवताना ते दाखवतात. पण जिने शंभर जणांना फोनवर समजावून सांगितलं, जिने मराठीत दोन पानांची टिपणं काढली, जिने शनिवारी संस्थेत जाऊन सहा संगणकांवर सॉफ्टवेअर घातलं, तिची ओळ कुठे आहे? घरातही असंच असतं. भिंत बांधणाऱ्याचं नाव राहतं, रोज सारवणारीचं राहत नाही. आणि सारवणं एक महिना थांबलं तर काय होतं ते सर्वांना दिसतं.

या जगात बायका होत्या किती, तेही पाहा. २००६ साली युरोपीय आयोगाच्या मदतीने झालेल्या अभ्यासात मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांमध्ये स्त्रिया सुमारे दीड टक्का आढळल्या. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच सुमारास त्या सुमारे २८ टक्के होत्या. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या ठिकाणी बायका कमी! आपल्याला यात फार नवल वाटू नये. पुरोगामी चळवळींत चहा कोण करतं हा प्रश्न आपण विचारलेलाच आहे. त्याच वर्षी ग्नोम प्रकल्पाकडे उन्हाळी उमेदवारीसाठी १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही बाई नव्हती. तेव्हा त्यांनी खास स्त्रियांसाठी उमेदवारी काढली. पुढे तिचंच 'आउटरीची' झालं आणि ती स्त्रियांपुरती न राहता, ज्यांना वगळलं जातं अशा इतरांनाही खुली झाली. त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. तिथे मानधन मिळतं, आणि नुसतं प्रोग्रॅम लिहिणं हेच काम मानलं जात नाही. माहितीपुस्तिका लिहिणं, वापरणाऱ्यांची अडचण समजून घेणं, हेही काम म्हणून धरलं जातं.

त्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, लिनक्सचिक्स नावाचा बायकांचा गट उभा राहिला होता. त्यांचे मुख्य नियम दोनच. सभ्यपणे बोला, आणि मदत करा. हसू नका. हे नियम मुद्दाम सांगावे लागले, कारण बाकी ठिकाणी प्रश्न विचारणाऱ्याला 'आधी पुस्तक वाचून ये' असं खेकसण्याची रीत होती. प्रश्न विचारायची लाज वाटू नये, एवढी साधी गोष्ट. आपल्या केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्या बाईला आपण आधी पाणी देतो, मग नाव विचारतो, त्यातलाच हा प्रकार.

आता दुसरी बाजू. उत्तर देणाराही माणूस असतो. एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते जगभरच्या लिनक्स संगणकांत असतं. वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच माणूस बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ साली काही जणांनी त्याच्यामागे लकडा लावला, काम फार सावकाश चाललंय, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्याने मोकळेपणाने लिहिलं की माझं मानसिक स्वास्थ्य ठीक नाही, आणि हे काम मी पैसे न घेता करतो. त्याच काळात एकजण मदतीला पुढे आला. हळूहळू त्याच्या हाती अधिकार गेले. २०२४ च्या सुरुवातीला त्याच नावाने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने कारण खणून काढलं म्हणून पुढचं संकट टळलं.

लोक यातून संगणकाच्या सुरक्षिततेचा धडा घेतात, तो घ्यावाच. मला यात दिसतो तो थकलेला एकटा माणूस. वापरणारे लाखो, विचारणारे हजारो, आणि उत्तराला एक. त्याला विसावा द्यायला कुणी नव्हतं, म्हणून जो हात पुढे आला तो त्याने धरला. आपल्या चळवळीत एकटीवर केंद्र चालवणाऱ्या किती जणी अशा थकून गेल्या, आठवून पाहा.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. वापरणारीला मदत करणं हे काम आहे, कुणाचा उपकार नव्हे. ते एकट्याने किंवा एकटीने करायचं काम नाही. आणि प्रत्येक प्रकल्पाने, प्रत्येक संस्थेने आपापली वेगळी चूल मांडूनही ते होणार नाही. ते सामायिक असलं पाहिजे.

सामायिक करणं या जगाला नवीन नाही. १९९७ साली स्थापन झालेली 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' आणि २००६ ची 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या संस्था कितीतरी प्रकल्पांचे देणगीचे पैसे सांभाळतात. प्रत्येक लहान प्रकल्पाने स्वतःची संस्था नोंदवत बसायला नको, म्हणून हे एकत्र छप्पर. अक्षरांचंच बघा. देवनागरीची जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवण्याचं काम 'हार्फबझ' नावाचं एक सामायिक सॉफ्टवेअर करतं. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड, सगळे तेच वापरतात. तिथे एक चूक दुरुस्त झाली की सगळ्यांची दुरुस्त होते. पैसा सामायिक होऊ शकतो, अक्षर सामायिक होऊ शकतं, तर उत्तर का नाही? 'ऱ्ह'चं उत्तर एकदा नीट शोधून मराठीत लिहून ठेवलं, तर ते लिब्रेऑफिस वापरणारीला लागेल, फायरफॉक्स वापरणारीला लागेल, आणि मोबाइलवाल्या मुलीलाही लागेल.

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर केरळचं घ्या. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअर वापरलं जातं. नुसतं वाटून ते टिकलं नसतं. सगळ्या शाळांसाठी एकच संच ठरवला आणि शिक्षकांतूनच शिकवणारे शिक्षक तयार केले. २०१८ पासून 'लिटल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांचे गटही शाळाशाळांत उभे केले. अडलं तर विचारायला माणूस शाळेतच किंवा शेजारच्या शाळेत. तिथे शासन पाठीशी होतं, आपल्याकडे ते नाही, हे मान्य. पण रीत घेण्यासारखी आहे.

आमच्या भागातल्या चार संघटनांनी मिळून वर्षभर एक प्रयोग केला, तो सांगते. त्यातल्या चुकांसकट.

पहिलं म्हणजे प्रश्नांची एक वही ठेवली. चौघींत मिळून एकच. प्रश्न विचारणारीच्याच शब्दांत लिहायचा. 'नाव सापडत नाही' असं ती म्हणाली, तर तसंच लिहायचं. तिथे शहाणपणाने तांत्रिक शब्द घालायचा नाही, कारण पुढची बाईही 'नाव सापडत नाही' असंच विचारणार आहे.

दुसरं, पाळी लावली. आठवड्याचे दोन दिवस, दुपारी दोन ते पाच. ज्या संघटनेची पाळी, तिची कार्यकर्ती फोनवर. एरवी फोन घ्यायचा नाही. हे पाळणं फार जड गेलं. रात्री दहाला फोन आला की 'उचलू नको' हे स्वतःला सांगणं आपल्याला येतच नाही. एका संघटनेने आपली पाळी चारपैकी एकदाच घेतली. त्यावर आम्ही भांडलो. मग कळलं की त्यांच्याकडे येणाऱ्या मुलीला 'मला काही येत नाही' याची भीती वाटत होती. तिला दोन दुपारी शेजारी बसवलं. आता ती आमच्यात सर्वांत चांगलं समजावून सांगते, कारण न येणं म्हणजे काय ते तिला अजून आठवतं.

तिसरं, उत्तर एकीने लिहायचं आणि दुसरीने, जिला त्यातलं काही माहीत नाही तिने, ते वाचून करून पाहायचं. तिला जमलं तरच उत्तर वहीत पक्कं. वर तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायची. हे आम्ही सुरुवातीला केलं नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं आणि जुनी उत्तरं चुकीची होऊन बसली. नसलेल्या उत्तरापेक्षा चुकीचं उत्तर अधिक त्रास देतं.

चौथं, आणि हे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. प्रश्न विचारताना कुणाही बाईचं नाव, पत्ता, प्रकरण बाहेर जाता कामा नये. घाईघाईत आमच्यातल्या एकीने 'हे बघ, ही फाइल उघडत नाही' म्हणून खरी फाइलच पाठवली होती. चार संघटनांच्या बाहेर ती गेली नाही, तरी त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. तेव्हापासून खोट्या नावांची एक नमुना फाइल केली आहे. अडचण आधी त्या फाइलीत करून दाखवायची, मगच विचारायचं.

पाचवं, जे प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचे, ते नीट मांडून मूळ प्रकल्पाकडे पाठवायचे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं तीन ओळींत. 'चालत नाही हो' असं लिहून पाठवलं तर तिकडचा माणूसही काय करणार? आपण अशा रीतीने सांगितलं की आपण नुसत्या मागणाऱ्या राहत नाही. दोष नेमका दाखवणारी बाई त्या कामातली भागीदारच असते.

आणि सहावं, पैसा. प्रकल्पाचं अंदाजपत्रक करताना 'संगणक' असा एक आकडा आपण टाकतो आणि विसरतो. त्याखाली 'संगणक वापरणाऱ्यांना मदत' अशी वेगळी ओळ घाला. पाळीच्या दिवसाचं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यात धरा. देणगीदार विचारतील, मुक्त सॉफ्टवेअर आहे ना, मग खर्च कसला? तेव्हा सांगा, परवाना फुकट आहे, बाईची दुपार फुकट नाही.

काही जणी म्हणतील, आमची मूळ कामं काय थोडी आहेत? मलाही हे वाटतं. पण विचार करा. नोंद सापडत नाही म्हणून न्यायालयात तारीख हुकली, तर ते मूळ काम नव्हे का? दुसरी शंका अशी, की एखाद्या कंपनीला पैसे दिले तर ती मदत करेल. करेलही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावी. मात्र नव्वदच्या दशकात आपण आपले अहवाल त्या त्या कंपनीच्या वेगवेगळ्या फॉन्टमध्ये छापले. आज त्या फाइली उघडल्या की बऱ्याचशा अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. आपलाच इतिहास आपल्याला वाचता येत नाही. तो सोडवून घ्यायलाही पुन्हा सामायिक मदतच लागणार आहे.

आता त्या नोंदीचं काय झालं ते सांगून थांबते. चारही संघटनांनी मिळून ठरवलं की 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' लिहिताना टिंबवाला ऱच वापरायचा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ, मग डी ची कळ म्हणजे हलन्त, मग ह किंवा य. जुन्या नोंदींत दुसरी रीत शोधून ती बदलून घेतली. त्यात आणखी काही बायका सापडल्या, ज्या दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आम्ही त्यांची नवी नोंद केली होती. त्या आधीही येऊन गेल्या होत्या हे आम्हालाच कळलं नव्हतं. ते उत्तर वहीच्या पहिल्या पानावर आहे. खाली लिहिणारीचं नाव आहे, आणि करून पाहणारीचंही.

वही इथे टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या सुटीत चाळा, हवं ते उतरवून घ्या. शेवटची पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. घरी जाण्याआधी प्रत्येकीने आपला एक अडलेला प्रश्न तिथे लिहावा, आणि महिन्यातून एक दुपार देऊ शकत असाल तर त्यापुढे आपलं नावही.